निम्मी डिस्क
बारकी आता स्वतः एका मुलीची आई होती, तरी घरात तिला अजून बारकीच म्हणत. म्हणजे एकटे बाबाच म्हणत, कारण आई जाऊन वर्ष उलटलं होतं. या खेपेला बारकी माहेरी आली ती पर्समध्ये पेनड्राइव्ह टाकून. तिला आईचा आवाज हवा होता.

आई पुढच्या खोलीत शिवणाचे वर्ग घ्यायची. ज्या बायकांना यायला जमत नसे त्यांच्यासाठी बाबा कॅमेरा लावून तिचे धडे टिपून ठेवायचे. त्यात आईचे हात दिसायचे आणि तिची अखंड बडबड ऐकू यायची. बाही, खिसा, काज, चुण्या, प्रत्येकाचा वेगळा धडा. बारकीची लेक नुकती बोबडं बोलू लागली होती आणि तिला आजी ऐकवायची तर बारकीच्या फोनमध्ये आईचं एक धड वाक्य नव्हतं.

घरचा जुना कॉम्प्युटर एकदाचा कण्हत-कुंथत सुरू झाला. फोल्डरमध्ये एकच धडा होता, कॉलरचा.

"बाकीचे कुठे गेले, बाबा?"

"काढले," बाबा म्हणाले. "जागाच नव्हती गं."

बाबा घड्याळजी. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस साधी डिस्क बसवून घ्यायला दुकानात कशाला जाईल? जुनी डिस्क भरत आली तेव्हा त्यांनी दुप्पट मोठी आणली, जुनीची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवली आणि स्वतःच्या हातानं ती आत बसवली. नंतर आठवडाभर जो घरी येईल त्याला ही कहाणी ऐकावी लागली. पण थोड्याच दिवसांत जागा संपल्याची लाल पट्टी पुन्हा दिसायला लागली. मग दर सुट्टीला दोघं शेजारी बसून काय काढायचं यावर हुज्जत घालायचे. "तुझे धडेच सगळी जागा खातात," असं बाबा म्हणायचे, आई तणतणायची आणि शेवटी तिचाच एक धडा जायचा.

"दुप्पट मोठी होती ना? मग इतक्यात भरली कशी?"

"हल्लीच्या वस्तूच तशा. वर लिहितात एक, आत भरतात एक."

बारकी नोकरीच्या ठिकाणी असल्याच भानगडी निस्तरायची. तिनं डिस्कचे भाग दाखवणारा पडदा उघडला. निळ्या पट्टीखालचा भाग काठोकाठ भरलेला होता. त्याच्या शेजारी तेवढाच रुंद दुसरा भाग होता, वर काळी पट्टी, ना नाव ना गाव. नक्कल करताना जुन्या डिस्कएवढीच जागा वापरात आली होती आणि उरलेली निम्मी डिस्क इतकी वर्षं कोरी पडून होती.

पुसलेलं शोधून काढणारा एक प्रोग्राम तिनं चालवून पाहिला. धड्यांची नावं तेवढी सापडली, आत काही नव्हतं. त्या जागेवर केव्हाच दुसरं काहीबाही लिहिलं गेलं होतं. बारकीच्या ओठांवर शब्द आले होते, पण बाबांचा वाळलेला चेहरा बघून तिनं ते गिळले. सांगून तरी आता काय होणार होतं?

पण बाबा मागून वाकून बघतच होते. "ही काळी पट्टी कसली?"

"रिकामी जागा आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही बसवली तेव्हापासून."

घड्याळजीला आणखी समजावून सांगावं लागलं नाही. ते बाजूच्या खुर्चीवर बसले.

"म्हणजे तिचा एकही धडा काढायची गरज नव्हती."

"नव्हती, बाबा."

बारकीनं ती जागा शेजारच्या भागाला जोडून टाकली. त्याला फारसा वेळही लागला नाही. कॉलरचा धडा तिनं पेनड्राइव्हवर घेतला.

"तिला कळलं असतं ना," बाबा म्हणाले, "तर माझी खैर नव्हती. आधी अबोला धरला असता. मग सगळं एकदम काढलं असतं, अगदी लग्नापासूनचं." ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना रडू आवरेना. "मला तिची बोलणी खायची आहेत गं. माझ्या हक्काची आहेत ती. पण बोलायला आता आहे कोण? तू तरी बोल."

"मी काय बोलू?"

"मघापासून दाबून धरलंयस ते."

"तुम्हाला कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" बारकी आधी पुटपुटलीच. मग तिचा आवाज चढला. "गावातली दुकानं काय ओस पडली होती? आपलंही चुकलं असेल असं एकदा तरी मनात आलं? ती बिचारी घसा कोरडा करून शिकवत होती आणि तुम्ही तिच्या मेहनतीवर बोळा फिरवत बसलात! वर तिलाच ऐकवायचं, तुझे धडे जागा खातात म्हणून!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता. शेवटी धाप लागली म्हणून ती थांबली.

बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "ती एवढ्यावर थांबली नसती."