नायट्याची लस आणि तांबडी वासरं

भाद्रपदात पिरंगुटमध्ये बुरशी न धरणारी वस्तू शोधून काढावी लागते. माझ्या चपलांवर ती होती, मायक्रोस्कोपच्या चामडी पेटीवर होती आणि आळीतल्या वासरांवर तर होतीच. डोळ्यांभोवती आणि मानेवर गोल, पांढुरके, केस गळालेले चट्टे. गावात त्याला नायटा म्हणत आणि पावसाळ्याइतकाच अटळ मानत. खरवंडीकर सर आणि मी मात्र वेगळा विचार करत होतो. देवीची लस निघते, तर नायट्याची का निघू नये?

रशियात वासरांसाठी अशी लस निघाल्याचं सरांनी वाचलं होतं. आमच्यापाशी एका छोट्या औषध कारखान्यामागची पत्र्याची खोली होती, एक उबवणी पेटी होती आणि नुकतीच एम.एस्सी. झालेली मी होते. वासरांच्या अंगावरची बुरशी आम्ही काचेच्या बशीत वाढवली आणि एका बशीतून दुसरीत इतक्या वेळा नेली की तिचा जोर मोडला. ही जिवंत पण नरम झालेली बुरशी मांडीत टोचायची. शरीर तिची ओळख करून घेतं आणि खरी बुरशी आली की तिला दारातूनच परत पाठवतं. निदान आमची तशी आशा होती.

कारखान्याच्या मालकांना आशेत रस नव्हता. दसऱ्यापर्यंत गुण दिसला नाही तर ही खोली खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरायला घेणार, असं त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

प्रयोग वरच्या आळीत चालला होता. ताजबी मुलाणी आणि भिकाजी यांचे गोठे शेजारी शेजारी, मध्ये नुसता कूड. अजून साफ असलेल्या वासरांपैकी निम्म्यांना आम्ही लस टोचली, निम्म्यांना मिठाचं पाणी. नायटा दरवर्षी एका वासराकडून दुसऱ्याकडे आपणहून जायचा, त्यामुळे आम्हाला फक्त वाट बघायची होती. कोणाला काय टोचलं ते कळावं म्हणून कानाला बिल्ले लावणार होतो, पण ताजबीने साफ नकार दिला. मांडीत भोकं पाडता तेवढी पुरे झाली, असं तिचं म्हणणं. मग गळ्यात दोरे बांधले. लाल म्हणजे लस, हिरवा म्हणजे पाणी. गणपती गेल्यावर दुसरं इंजेक्शनही झालं आणि मी नायट्याची इतकी आतुरतेने वाट बघू लागले की आईला त्याबद्दल लिहायचीही सोय नव्हती.

पिरंगुटचा पोळा भाद्रपदी, गणपतीनंतरच्या अमावस्येला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात पोचले, तेव्हा सगळी वासरं नव्या नवरीसारखी नटलेली होती. नवी दावी, नवे गोंडे, कपाळावर हिंगूळ. दोरा एकाच्याही गळ्यात नव्हता.

मी भिकाजींना विचारलं, तर त्यांनाच माझं नवल वाटलं.

"पोळ्याला जुनं गळ्यात ठेवत्यात व्हय, बाई? लोकं त्वांडात शेण घालतील आमच्या."

ताजबीच्या गोठ्यातही तेच. तिच्याकडे पोळा तितक्याच हौसेने व्हायचा. जुनी दावी आणि दोरे पाणी तापवायच्या चुलीत गेले होते. माझ्या नोंदीत होतं 'लाल दोरा, तांबडं वासरू', 'हिरवा दोरा, तांबडं वासरू'. समोर बघावं तर सगळीच तांबडी.

भिकाजींनी मला धीर दिला. कुणाला कुठला दोरा होता ते त्यांना पाठ आहे म्हणाले आणि बोट दाखवत सांगत सुटले. चौथ्या वासराला ताजबीने हटकलं.

"ते माझं हाय. आदी वासरू वळकायला शिका, मग दोरं सांगा."

यावरून दोघांची जी जुंपली, ती गेल्या पोळ्यापर्यंत मागे गेली. एवढ्यात सर छत्री घेऊन आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते गव्हाणीच्या काठावर बसले आणि हळूच म्हणाले, "खोकला."

मला हसू यायला नको होतं, पण आलं. ताजबीला ते मुळीच आवडलं नाही. तिचं आणखी एक गाऱ्हाणं होतं. तिने एका कालवडीला ओढत पुढे आणलं आणि शेपटी बाजूला केली.

"हसतीयास काय, पोरी? तुज्या सुईनं हिच्या मांडीला खपली धरलीया. चांगल्या जितराबाला दुखनं लावलंस."

मी वाकून बघितलं. टोचल्या जागी लहानशी कोरडी खपली. मिठाच्या पाण्याने खपली धरत नाही. ती धरते जिवंत बुरशीने, आमच्याच नरम बुरशीने. मी ताजबीला मिठी मारली आणि तिने मला शेणात पडता पडता सावरलं.

सर उठले होते. लस कोणाला ते खपलीवरून कळणार होतं आणि गुण आला का ते मानेवरून, पण आता घाई करायची नव्हती. आधी चट्टा दिसला तर डोळे आपोआप खपली नाही असंच बघतात. म्हणून मी वासराच्या मानेशी बसले, सर मांडीशी, आणि मध्ये पडदा म्हणून ताजबीने छत्री उघडून धरली. एकाने दुसऱ्याचं बघायचं नाही, नुसतं ओरडून सांगायचं.

"खपली," सर म्हणाले.

"साफ," मी म्हणाले.

"कोरी."

"चट्टा."

तिसऱ्या वासरापासून आमचे आवाज चढायला लागले. सहाव्याला भिकाजी आमच्या आधीच ओरडू लागले, तेव्हा ताजबीने त्यांना छत्रीने ढोसलं. कुडापलीकडे आळीतली माणसं गोळा झाली. एक तांबडं वासरू दावं तोडून पळालं, तर सर धोतर सावरत त्याच्यामागे धावले आणि चिखलातूनच ओरडले, "खपली!" मी पुढे जाऊन त्याची मान धरली. साफ.

एकाच वासराला खपलीही होती आणि कानामागे छोटा चट्टाही. तो आम्ही तसाच लिहून घेतला. सगळीच साफ निघाली असती तर मलाच संशय आला असता. बाकी जिथे खपली तिथे मान साफ, आणि जिथे मांडी कोरी तिथे एक तरी गोल चट्टा.

पुण्यात राहणाऱ्या मालकांना सांगायला सर चिखलाच्या धोतरानेच पुण्याच्या एस.टी.त चढले. मी गोठ्यात थांबले, कारण चट्टेवाल्या वासरांचे धनी मला सोडेनात. आता आमच्यालाबी लाल दोऱ्याचं टोचा, असा भिकाजींचा हट्ट. लस आधी टोचायची असते, आता मलम लागेल, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. शेवटी गंधकाचं मलम घेऊन बसले आणि एकेका वासराला चोळू लागले.

ताजबी माझ्यासमोर उकिडवी बसली होती. तिने माझं मनगट धरून उजेडाकडे वळवलं. मनगटाच्या आतल्या बाजूला लाल, गोल, कडेने उठावदार, पुस्तकातल्या चित्रासारखा चट्टा होता. दोन दिवस मी तो न बघताच खाजवत होते.

"आगं, तुला न्हाई व्हय टोचलं?"

मी नाही म्हणाले आणि वही उघडून न टोचलेल्यांच्या रकान्यात सर्वांत खाली माझं नाव लिहिलं.