कोरा गळा

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंच्या थायरॉइडमध्ये कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा सर्जन म्हणाले होते, "काखेतून दुर्बीण घालून काढू. गळ्यावर ओरखडासुद्धा दिसणार नाही." शब्दाला जागले बिचारे. तीन महिने झाले, कॅन्सर गेला होता, गळा स्वच्छ होता आणि बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

कारण आवाज. सकाळी तो खणखणीत असे. दुपारी तीननंतर फलाटांचे क्रमांक सांगता सांगता बसून जाई. त्यांनी आगारप्रमुखांकडे अर्धी पाळी मागितली. साहेबांनी गळ्याकडे पाहिलं. "काही दिसत तर नाही, बाई." घरी सासूबाईंनीही तेच पाहिलं आणि भांड्यांचा ढीग तसाच ठेवला. मागच्या वर्षी नणंदेच्या हाताला प्लास्टर होतं, तेव्हा याच घरानं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. प्लास्टर दिसतं ना.

शेवटी एका सकाळी बाईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी काढली आणि कोऱ्या गळ्यावर आडवी चिकटवली.

साहेबांनी दुपारनंतर माइक दुसऱ्याकडे दिला. सासूबाईंनी स्वतः चहा केला नि विचारलं, "फार दुखतं का गं?" तीन महिन्यांत पहिल्यांदाच. बाईंना रडू कोसळलं. खोटेपणाची लाजही वाटली, पण चहा त्यांनी गरम गरम पिऊन घेतला.

तपासणीच्या दिवशी पट्टी काढायची राहून गेली. सर्जन दचकले. "हे काय? इथे तर आम्ही हातही लावला नव्हता." त्यांनी पट्टी सोलून काढली. खाली काहीच नव्हतं.

"काही नाही, म्हणूनच लावली," बाई म्हणाल्या. "दुपारी आवाज बसतो, डॉक्टर. कोणाला पटत नाही."

"आता तर छान आहे."

"आता सकाळचे दहा वाजलेत. तुम्ही सगळ्यांना सकाळीच तपासता."

सर्जनांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. आवाजापुढे त्यांनी आधीच 'पूर्ववत' लिहून टाकलं होतं. ते त्यांनी खोडलं. मग वेगळ्या चिठ्ठीवर 'दुपारनंतर आवाज थकतो, अर्धी पाळी द्यावी' असं लिहून खाली सही-शिक्का केला.

बाईंनी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"साहेबांना ही चालेल," त्या म्हणाल्या. "पण सासूबाई चिठ्ठ्या वाचत नाहीत."

आणि त्यांनी हनुवटी वर केली. सर्जनांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग ट्रेमधली नवी पट्टी घेऊन त्यांनी ती नीट, सरळ चिकटवून दिली.