ठसक्याला एक खोली

डॉक्टर मुधोळकरांचं औषध आणलं की आमच्या घरातली एक खोली जाते. पैसे ते घेत नाहीत. दवाखान्याला लागूनच त्यांच्या मेव्हण्याचं, शिरीषचं, मेडिकल आहे. तो पिशवीला गाठ मारतो, आपण घरी येतो, आणि खोली गेलेली असते.

आईला ठसका लागला. सिरप लिहून दिलं, गॅलरी गेली. सिरपने पित्त झालं. पित्ताच्या गोळीला मागची खोली गेली. गोळीने तोंडाची चव गेली, म्हणून टॉनिक. त्यात हॉल आणि मोरी दोन्ही गेली, कारण टॉनिक मोठ्या बाटलीतच येतं. ठसका आहे तिथेच आहे. आता फक्त स्वयंपाकघर उरलंय. आम्ही ओट्याखाली डोकं घालून झोपतो.

"जेनेरिकच्या दुकानात हेच सिरप एका फडताळाच्या बदल्यात मिळतं," मी म्हटलं.

"स्वस्तातल्या औषधाने कुठे बरं वाटतं? मुधोळकरांच्या हाताला गुण आहे, निन्या," आई म्हणाली.

"गुण आहेच. आपला हॉलही त्याच हाताला लागलाय."

"गप. चल, नंबर लावू."

दवाखाना हल्ली फार लांबलचक झालाय. कुणाच्या माजघरातून, कुणाच्या देवघरातून चालत जावं लागतं. पेशंट भिंतींना टेकून खोकत बसलेले असतात. आमची मागची खोली केबिनच्या अलीकडेच आहे. खिडकीचा वाकलेला गज मी ओळखला. तो माझ्याच डोक्याने वाकलाय.

"ठसका हट्टी दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "स्वयंपाकघर आहे ना अजून?"

"आहे की!" आई म्हणाली. अभिमानाने.

"मग चांगली गोळी देऊ."

"औषधाचं नुसतं नाव लिहा," मी म्हटलं. "कंपनीचं नको."

"कंपनीचं नाव नसेल तर औषधाला कसं कळणार, कुणासाठी काम करायचं ते?"

हे आईला पटलं. त्यांनी चिठ्ठी पुढे केली. मी ती खाल्ली. जेवणाआधी की जेवणानंतर, ते विचारलं नाही.

मग आईचा हात धरून मी तिला मागच्या खोलीत आणलं, तिथल्या बाकावरच्या पेशंटना सरकवलं आणि खांद्यावरचा पंचा खिडकीत वाळत घातला.

डॉक्टर पाठोपाठ आले. "पेशंटनी इथे पसरायचं नाही."

"पेशंट नाही. आम्ही इथे राहतो."

बाकावरचे एक आजोबा हे ऐकून उठले आणि भिंती चाचपत निघून गेले. थोड्या वेळाने लांबून देवघरातली घंटा वाजली.

डॉक्टरांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला. आईने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"डॉक्टर," ती अगदी आदराने म्हणाली, "चपला बाहेर."

त्यांनी पाय मागे घेतला. तेवढ्यात आईच्या घशात ठसका आला. डॉक्टरांना ते दिसलं. त्यांनी कोरा कागद काढला, पेनाचं टोपण दातात धरलं आणि वाट पाहू लागले.

आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिची मान लाल झाली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. माझ्याकडे बघून तिने नाही म्हणून मान हलवली. चारही भिंती एकदम आत ओढल्या गेल्या आणि श्वास रोखून तशाच थांबल्या.