जोडीचा गुणांक

बाबा न्हाणीघरात घसरले, त्याला महिना होऊन गेला. हाड मोडलं नव्हतं. मुका मार लागला होता, तोही बरा झाला. डॉक्टर म्हणाले, चाला. पण बाबा पलंग सोडायला तयार नाहीत. असेच पडून राहिले तर पाय कायमचे जातील, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं. समजावून झालं, ओरडून झालं. आमच्यात तसेही पूर्वीपासून खटके उडतात. शेवटी हट्टाला पेटले आणि मुलांना घर्षण गुणांक शिकवायची फळीच घरी घेऊन आले.

"हे काय नवीन खूळ?"

"गुणांक काढायचाय."

"मला गुण देतेस? शून्य दे. पाय कामातून गेलेत माझे," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

म्हणजे महिनाभर हा माणूस मनातल्या मनात स्वतःला नापास करत होता!

"बाबा, हा गुणांक एकट्याचा नसतोच. जोडीचा असतो. कशावर काय घासतं, त्या दोघांची मिळून पकड किती, तो हा आकडा. इकडे बघा तरी."

फळी ओली केली. त्या दिवशी पायात होती ती त्यांची रबरी चप्पल वर ठेवली. तळ पार गुळगुळीत झालेला, तरी मला टाकू न दिलेली. फळीचं टोक जरासं उचललं, तोच चप्पल सुळकन खाली. मग माझी ठेवली. फळी चांगली तिरकी झाली तरी ती ढिम्म हलेना.

बाबा कोपरावर रेलून बघत होते. "पुन्हा कर."

केलं.

"म्हणजे चपलेनं दगा दिला?"

"चपलेनं आणि ओल्या फरशीनं मिळून. पाय उगाच बदनाम."

ते हसले. पण उठायची वेळ आली तसा चेहरा उतरला. अनवाणी पाय खाली सोडून तसेच बसून राहिले. मी हात पुढे केला.

"आणि तुझा-माझा गुणांक किती गं?" माझ्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं.

"आपलं घर्षण जन्मभर जास्तच आहे, बाबा. घट्ट धरा."

त्यांनी इतकं घट्ट धरलं की माझी बोटं दुखली. एकेक पाऊल टाकत आम्ही न्हाणीघराच्या दाराशी पोचलो. फरशी मी कोरडी करून ठेवली होती.

"सोड आता," ते म्हणाले.

मला सोडवेना.