फांदीवरून सांडलेला बर्फ

आयलीने कानातले यंत्र काढून हातमोज्यात सरकवले.

"हे काय?" आर्विडने विचारले.

"थंडीत नुसतं खरखरतं."

आर्विड हिवाळी पक्षीगणनेचा प्रमुख. लेक सुपीरियरच्या उत्तरेकडच्या या स्प्रूसच्या सूचिपर्णी रानात तो तिच्यामागे गुडघाभर बर्फ तुडवत आला होता, तो एकाच कामासाठी. गेल्या वर्षी तिने इथे अकरा सोनतुरे नोंदवले होते. सोनतुरा म्हणजे डोक्यावर पिवळा तुरा असलेला, पाच ग्रॅमचा पक्षी. उणे तिसाची रात्र एकमेकांना बिलगून काढणारा. त्याचा आवाज इतका बारीक, की उतारवयात कानाला आधी तोच सोडून जातो. आयली चौऱ्याहत्तरची. गणना करणाऱ्या मंडळात कुजबुज झाली. एकेचाळीस हिवाळे तिने मोजलेला हा पट्टा तिच्याकडे ठेवायचा की नाही, हे आज ठरणार होते.

"मनाला लावून घेऊ नका," आर्विड म्हणाला. "गणनेनंतर संध्याकाळी सगळ्यांच्या सूपची व्यवस्था तुमच्याकडे देऊ."

"सूप तू ढवळ. तेवढं तुला जमेल."

ती थबकली, बोट वर केले.

"ऐक. तीन आहेत."

आर्विडने डोळे मिटले. मग सावकाश मान डोलावली.

"हो. तीन. अगदी स्पष्ट."

आयली त्याच्याकडे पाहत राहिली.

"इथे एकही नाही, आर्विड. या झाडांवरचा बर्फ सकाळपासून हललेला नाही."

त्याच्या मिशीवर श्वासाचे दव गोठत होते. त्याने ते पुसले नाही.

"कधीपासून ऐकू येत नाही?" तिने विचारले.

"तीन वर्षं झाली," तो हातमोज्यांकडे पाहत म्हणाला. "मंडळात कुणाला ठाऊक नाही."

ती पुढे चालू लागली. ओढ्याच्या वळणावर तिने त्याची बाही धरली. वारा पडलेला होता; तरीही एका फांदीच्या टोकावरून चिमूटभर बर्फ सांडला. मग शेजारच्या फांदीवरून. प्रत्येक भुरभुरीमागे पिवळ्या रंगाची एक ठिणगी क्षणभर दिसे आणि विझे.

"मोज."

"चार," तो कुजबुजला.

"पाच. शेंड्यावरचा राहिला."

त्याने वहीत पाच लिहिले. पेन्सिल बराच वेळ कागदावरच टेकलेली राहिली.

"पुढच्या वर्षी हा पट्टा..."

"मीच मोजणार."

"ते नव्हतं विचारायचं. मी तुमच्याबरोबर येऊ का?"

आयलीने यंत्र कानात न घालता खिशात टाकले.

"ये. पुढे राहून बर्फ तुडवायचा. आणि मान डोलवायची नाही."