हजारापुढची संख्या

"अगं, मूळ संख्याच निघाली! कशानेही भाग गेला नाही!" हे आतून ओरडले. मी भांडी विसळत होते. कितीतरी महिन्यांनी ह्यांचा असा खणखणीत आवाज ऐकला आणि जिवाला बरं वाटलं.

हे लिफ्टचे मेकॅनिक. गेल्या वर्षी ह्यांनी तपासून पास केलेली एक लिफ्ट दोन मजले घसरली. कुणाला खरचटलंही नाही, पण ह्यांनी धसका घेतला आणि काम सोडून घरी बसले. मग त्याच लिफ्टच्या पाटीवरचा नंबर घेतला, दहा लाख अठरा हजार एक्याऐंशी, आणि दोन, तीन, पाच, सात अशा एकेका मूळ संख्येने भागत सुटले. तेही हाताने! "फोनवर करा की," म्हटलं, तर म्हणाले, "परीक्षा फोनची नाही, माझी आहे. हे बिनचूक जमलं तरच परत पान्याला हात लावीन." हट्टी माणूस, करता काय?

कामावर परत येता का, हे विचारायला आज ह्यांच्या लिफ्ट कंपनीच्या साहेबांचा फोन यायचा होता. हे दाढी करायला गेले आणि मी कागद चाळले. शेवटचा भागाकार नऊशे सत्त्याण्णवचा. पुढे कोरं. वर्गमुळापर्यंतच भागून बघावं लागतं; हजाराचा वर्ग दहा लाख, म्हणून हे हजाराशी थांबले होते. अहो, पण वरचे अठरा हजार कुठे गेले? मी नर्स होते, डोस दोनदा मोजायची सवय जात नाही. पुढची मूळ संख्या एक हजार नऊ. तिला तिनेच गुणलं. दहा लाख अठरा हजार एक्याऐंशी.

गप्प बसले असते तर माणूस पुन्हा चारचौघांत आला असता. मला दुसरं हवं तरी काय होतं? पण लिफ्टमध्ये लोकांची लेकरंबाळं चढतात.

"अहो, अजून एक भाग देऊन बघा. एक हजार नऊने."

गालाला साबण तसाच ठेवून ह्यांनी भागलं. बाकी शून्य. मला रडूच कोसळलं.

"रडतेस कशाला? चुकलो ते मी," हे म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला.

"येतो, साहेब," हे म्हणाले. मी चमकून वर पाहिलं. "पण माझ्या एकट्याच्या सहीवर लिफ्ट सुरू करायची नाही. माझ्यामागून दुसऱ्याने तपासायचं, रोज. नजर चुकते माझी."

पलीकडून साहेब काहीतरी बोलले.

"दुसरा माणूस परवडत नाही? मग नको, साहेब," हे शांतपणे म्हणाले आणि फोन ठेवला. मग आरशासमोर जाऊन उरलेली दाढी केली. मग गाल माझ्यापुढे करून म्हणाले, "कुठे राहिली का, बघ."