गुणाजीकाकांचं मीठ

मी कमळाकर, आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवरचा ऑपरेटर. पेणच्या खाडीकडचं हे गाव एक नंबरचं कुरकुरं. वीस वर्षं मी पाण्यात जंतुनाशक पावडर टाकत होतो, तर म्हणे चहाला वास येतो, डाळ शिजत नाही. नाकं काय नवाबाची! शेवटी मशीन आलं. मिठाच्या पाण्यात वीज सोडायची, औषध तिथेच तयार होतं आणि टाकीत पडत राहतं. मीठ मात्र पिशवीतलं, शुद्ध केलेलंच हवं, असं कंपनीचा माणूस दोनदा बजावून गेला.

पिशव्या संपल्या आणि नव्या येईनात. तेव्हा गुणाजीकाका डोक्यावर पोतं घेऊन हजर झाले. पिढ्यान् पिढ्या मिठागरात राबलेलं घर.

"आपल्या गावात भायेरचं मीठ? लाज वाटत नाय?" ते म्हणाले. "दाना बघ कसा हाय! माझी लेक वैशाली सासरवरनं बाळंतपनाला आलीय, ती पन हेच पानी पिनार. खराब देईन काय?"

दाणा करडा होता, हे मला दिसलं. पण मिठाच्या बाबतीत आमच्याकडे मिठागरवाल्याला कोणी शिकवत नाही. मी पोतं ओतलं.

महिन्याभरात मशीनमधल्या पट्ट्यांवर चुन्यासारखा थर बसला. दिवा जळत होता, आवाज येत होता, औषध मात्र तयार होत नव्हतं. रोज नळाच्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकायचे असतात. पाणी पिवळं झालं की औषध आहे. ते पिवळं होईना. थेंब जुने झाले असतील, असं म्हणून मी बाटलीच फेकून दिली. गाव खूश होतं. पाण्याला वास नाही, कमळाकर म्हणजे देवमाणूस!

मग कावीळ आली. चाळीस जणांना झाली, एकोणचाळीस बरे झाले. वैशाली राहिली नाही. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. आठव्या महिन्यात ती गेली, बाळ पोटातच.

बाराव्याचं उरकून काका टाकीवर आले. कंपनीचा माणूस मशीन उघडून गेला होता. बिघाडाचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त त्यांना सांगायचा धीर कोणाला झाला नव्हता.

"मशीन कशानं बिघाडलं रे?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब येणार होते. माझी नोकरी जाणार होती. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. कोणी सांगितलं होतं पोतं आणायला?

"तुमच्या मिठानं," मी म्हणालो. "तुमच्या मिठानंच गेली पोर."

थेंबांचं मी काहीच बोललो नाही.

काकांनी माझ्यापुढे हात जोडले.

"बरा केलास, तू तरी खरा सांगितलास," ते म्हणाले. "उद्या सायबाला मीच सांगतो, तुझा काय दोष नाय."

त्यांनी तसं सांगितलं. मी सांगू दिलं.